ऐकावे जनाचे, गोळी मात्र विचारून!

मागच्या कोजागरीची गोष्ट. सोलापूरहून तुळजापूरला पायी निघालेल्या भाविकांची रीघ आमच्या तामलवाडीतून चालली होती. गावातले एक तात्याही त्यांच्यासोबत आईच्या दर्शनाला चालत गेले. बारा दिवसांनी माझ्याकडे आले, तेव्हा पायाच्या अंगठ्यावरचा फोड चिघळून काळा पडला होता. "दुखलंच नाही की, डॉक्टर!" साखर तपासली तर 380. गोळ्या तीन महिन्यांपासून बंद. कारण विचारले, तर म्हणाले, "मोबाईलवर मुलाखत ऐकली. साखर हा रोगच नाही म्हणे, खाणं बदललं की झालं." तात्यांना सोलापूरला पाठवावे लागले. पाय वाचला, अंगठा गेला.

वाचकहो, त्या पॉडकास्टवाल्याचा मला राग आला. पण रात्री विचार केला. तो तात्यांशी तासभर साध्या भाषेत बोलला. मी दर महिन्याला तीन मिनिटे देत होतो. साखर जुनी झाली की पायाची जाणीव बोथट होते, म्हणून तळवे रोज पाहावेत, हे मी त्यांना नीट बसवून कधी सांगितले होते?

तेव्हा या मंडळींचे गुण आधी मान्य करू. 'अमुक तमुक'सारख्या मराठी पॉडकास्टमध्ये जाणकारांना बोलावून सावकाश प्रश्न विचारले जातात. मनाचे आजार, पाळी जाण्याचा काळ असे विषय घराघरांत पोचतात. दवाखान्यात जे विचारायला लाज वाटते, ते माणूस कानात ऐकतो.

दोष कुठे आहे? डॉक्टर रोग्याला उलट प्रश्न विचारतो; पॉडकास्टवाल्याला समोरचा माणूसच दिसत नाही. पाहुण्याने मोठा दावा केला, तर "पुरावा काय?" असे विचारण्याऐवजी पुष्कळदा नुसती मान डोलते. शिवाय त्या तासाचे तुकडे करून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ फिरतो. त्यात दावा राहतो, अट गळते. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे 'दोन वेळा जेवा' आपल्याकडे घरोघरी पोचले. पण सुरू करण्याआधी रक्त तपासून घ्या, हे त्यांचेच सांगणे किती जणांच्या लक्षात राहिले?

कायदा आहे. मधुमेह बरा करण्याच्या औषधी जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे. आरोग्यावर बोलणाऱ्याने आपली पात्रता सांगावी, अशी केंद्राची सूचना ऑगस्ट 2023 मध्ये आली. पण कायदा तात्यांच्या कानापर्यंत पोचत नाही.

म्हणून ऐकताना तीन गोष्टी पाहा. बोलणारा कोण, शिकला काय? शेवटी काही विकतो आहे का? आणि "चालू औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका" असे म्हणतो का? जो म्हणत नाही, त्याचे ऐकून गोळीला हात लावू नका. शंका असेल तर तो मोबाईल घेऊनच दवाखान्यात या. आपण दोघे मिळून ऐकू.

तात्यांना मी आता दहा मिनिटे देतो. उशीर झाला, हे खरेच.