स्मरण करताना सत्य गाळू नका

नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलचे माजी विद्यार्थी स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगाममध्ये हुतात्मा झाले. श्रीनगरहून उडालेले त्यांचे एमआय-१७ व्ही-५ हेलिकॉप्टर काही मिनिटांतच शेतात कोसळून पेटले. हवाई दलाचे सहा जण गेले, जमिनीवरचा एक गावकरीही गेला. हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडले, ही मोठी चूक होती, अशी कबुली तत्कालीन हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिली. चूक मान्य करायलाही धैर्य लागते. ते त्यांनी दाखवले.

या सत्याने निनाद यांचे शौर्य तसूभरही कमी होत नाही. सीमेवर हवाई चकमक सुरू असताना ते कर्तव्यावर होते, एवढे पुरे आहे. माजी सैनिक आणि विमानप्रेमी त्यांना मानवंदना देतात, तेव्हा ही हकिकत जशी घडली तशीच सांगितली जावी. अकोला-वाशीम रस्त्यावरच्या मेडशीसारख्या गावातही सैन्याची स्वप्ने पाहणारी मुले असतील. तिथल्या माजी सैनिकांनी येत्या २७ फेब्रुवारीला शाळेत जावे, आणि निनाद यांच्यासोबत हुतात्मा झालेल्या सिद्धार्थ वशिष्ठ, विशाल कुमार पांडे, विक्रांत सेहरावत, दीपक पांडे, पंकज कुमार यांची नावेही मुलांना सांगावीत.