सही कशावर केली, वहिनी?

"वहिनी, एक सही द्या."

दारात ग्रामपंचायतीचे शिपाईभाऊ, काखेत लांबडं रजिस्टर. मी पोळ्या लाटत असायची. पदराला पिठाचे हात पुसायचे, ते बोट ठेवतील त्या रेघेवर सही करायची आणि तवा करपायच्या आत आत पळायचं. "चहा घेता का भाऊ?" हे दरवेळी विचारलं. "सही कशावर?" हे अकरा वर्षांत एकदाही विचारलं नाही. आणि मी राज्यशास्त्र घेऊन बी. ए. झालेली बाई!

मैत्रिणींनो, तुमच्याही दाराशी असं रजिस्टर येत असेल. ते असतं महिला ग्रामसभेचं. आपल्या राज्यात वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी फक्त बायकांची वेगळी सभा घ्यायची, असा कायदा आहे. पुरुषांसमोर बाई बोलत नाही, निदान आपल्या सभेत तरी बोलेल, हा त्यामागचा विचार. आमच्याकडे ही सभा घरोघरच्या उंबऱ्यावर भरायची. एकेक सही गोळा झाली की सभा संपन्न!

मला हे कळलं ते बुधवारच्या बाजारामुळे. आमचं गाव बाजारपेठेचं, पण अजून नगरपंचायत झालेली नाही. आसपासच्या वाड्यांवरून बायका भाजीच्या पाट्या घेऊन पहाटे येतात आणि दिवे लागेपर्यंत बसतात. नेहमीच्या मावशींना एकदा पाण्याची बाटली पुढे केली, तर म्हणाल्या, "नको बाई, बुधवारी मी पाणी पीत नाही. जायचं कुठं?" पुरुषांचं काय, भिंत मिळाली की झालं. मी वर्षानुवर्षं त्यांच्याशी मेथीच्या जुडीवरून घासाघीस करत होते, पण हे कधी मनात आलं नव्हतं.

बचत गटाच्या आम्ही पाच-सहा जणी अर्ज घेऊन गेलो. बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह बांधा, एवढंच म्हणणं. ग्रामपंचायतीने उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो, हे कुठेतरी वाचलं होतं, तेही सांगितलं. उत्तर आलं, "तो पैसा खर्च झाला. तुमच्याच महिला ग्रामसभेचा ठराव आहे."

कुठला ठराव? पाहायला मिळेना. मग २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज केला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. उत्तराची मुदत तीस दिवसांची. अठ्ठाविसाव्या दिवशी झेरॉक्स हातात पडली. सभामंडपासाठी खुर्च्या घेण्यास महिलांनी एकमताने मंजुरी दिली होती. खाली हजर महिलांची यादी. चौदाव्या नंबरला माझं नाव आणि माझीच सही, कोपऱ्यावर पिठाचा डागसुद्धा असेल! भांडायचं तरी कुणाशी?

त्यानंतर २ ऑक्टोबरच्या आधीच्या महिला सभेला आम्ही सात जणी खरोखर गेलो. सतरंजीही घातलेली नव्हती. आमच्या सरपंच बाईच आहेत. २०११ पासून निम्म्या जागा आपल्या आहेत ना. पण प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचे त्यांचे मिस्टर. वर्तमानपत्रांतून 'सरपंचपती' म्हणून हसणं सोपं असतं. दारात उभं राहून न वाचता सही करणाऱ्या मला ते हसू परवडणारं नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "भाऊ, ही बायकांची सभा आहे, तुम्ही जरा बाहेर बसता का?" ते गेले, रागावून का होईना. दार लोटल्यावर सरपंचताई हळूच म्हणाल्या, "काकू, मलासुद्धा फक्त सहीलाच बोलावतात हो."

जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावात १९८९ साली सगळ्या बायकांचं पॅनेल निवडून आलं होतं. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीचं आरक्षण १९९३ चं, म्हणजे त्याच्याही आधी. तेव्हा त्या बायका शेतकरी महिला आघाडीच्या बळावर उभ्या होत्या, मागे माणसं होती. आमच्या ताईंच्या मागे कोण होतं? निवडून दिलं आणि आम्ही घरी आलो.

त्या दिवशी ठराव त्यांनी स्वतः सांगितला, ग्रामसेवकांनी (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) लिहून घेतला. मी सूचक, बचत गटातली एक अनुमोदक. लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवा, मग सह्या, असा हट्ट धरला. हा हट्ट तुम्हीही धरा बरं का. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यात जी संख्या कमी असेल ती. तेवढी माणसं जमली नाहीत की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला ही अट नसते. म्हणजे आपण गेलो नाही म्हणून काही अडत नाही. आपल्याशिवाय ठरतं, एवढंच.

मोठ्या ग्रामसभेत विषय निघाला तेव्हा मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. भाजीवाल्या मावशी आमच्या गावच्या मतदार नाहीत, त्यांना मत नाही. पण त्या दारापाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. हसणाऱ्याच्या आईलाही बाजारात बसावं लागतं, हे गावाला ठाऊक होतं. तो पुढे काही बोलला नाही.

स्वच्छतागृह झालं. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर. पण नळ अजून जोडलेला नाही, पिंप भरून ठेवावं लागतं, आणि दाराला कुलूप. किल्ली ऑफिसात, ऑफिस उघडतं दहाला, बाजार भरतो सहाला! मावशी अजूनही दहापर्यंत पाणी पीत नाहीत. किल्ली बाजारातल्याच कुणा बाईकडे ठेवावी, असा विषय १ मेच्या ग्रामसभेआधीच्या महिला सभेसाठी मी लेखी दिला आहे आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली आहे. शिपाईभाऊ परवा त्या सभेची नोटीस द्यायला आले होते. चहा घेऊन गेले, रजिस्टर मात्र आणलं नव्हतं.