ओरिजिनल नाही, पण थांबते

गेल्या महिन्यात एका रविवारी माझा बँकेतला जुना सहकारी सपत्नीक वर्ध्याला आला. चहा झाला, मुला-नातवंडांची चौकशी झाली, आणि मग तो ज्यासाठी आला होता तिथं आम्ही गेलो, म्हणजे अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिथं माझी १९६७ची स्टँडर्ड हेराल्ड उभी असते. या गाडीचं बॉनेट मडगार्ड आणि दिव्यांसकट अख्खंच्या अख्खं पुढे कलतं, मगरीनं जबडा उघडावा तसं. मग इंजिन तर दिसतंच, पुढची दोन्ही चाकंही आतून पार उघडी पडतात. तो वाकला, चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहत राहिला, आणि वरपक्षानं पंगतीत खोड काढावी तशा सुरात म्हणाला, "अरे, हे तर डिस्क ब्रेक! म्हणजे ही आता ओरिजिनल राहिली नाही."

"नाही राहिली," मी म्हणालो.

त्यानं पुढं काही विचारलं नाही, पण जेवताना त्याचा चेहरा थोडा पडलेलाच होता. त्याला मी तेव्हा जे सांगितलं नाही, ते आज इथं सांगतो.

हेराल्डला स्पोर्ट्स कार म्हणणं ही थोडी अतिशयोक्ती आहे, हे मला मान्य. पण तिची धाकटी बहीण खरोखरची स्पोर्ट्स कार होती. इंग्लंडात ट्रायम्फ कंपनीनं १९५९ साली हेराल्ड आणली. तिचा डौल मिकेलोत्ती या इटालियन माणसाच्या हातचा. याच गाडीची चौकट आखूड करून, त्याच माणसाकडून नवं अंग घेऊन, कंपनीनं १९६२ साली स्पिटफायर ही दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार काढली. थोरली १९६१पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर कंपनीत तयार होऊन आपल्याकडे आली, धाकटी विलायतेतच राहिली. दोघींमध्ये एक फरक फार महत्त्वाचा होता. स्पिटफायरच्या पुढच्या चाकांना पहिल्या दिवसापासून डिस्क ब्रेक होते. माझ्या हेराल्डला चारही चाकांना ड्रम.

त्या काळी आपल्या अॅम्बेसेडरला ड्रमच, फियाटलाही ड्रमच. कुणाचं काही अडत नव्हतं. वर्धा-आर्वी रस्त्यावर पन्नासच्या वर वेग न्यायचा तर आधी देवाचं नाव घ्यावं लागे, आणि समोरून एस.टी. आली की दोघंही आपापल्या बाजूला डांबराखाली उतरत. अशा रस्त्याला ते ब्रेक पुरेसे होते. ही गाडी मी १९९६ साली हिंगणघाटच्या एका डॉक्टरांच्या घरून घेतली, तेव्हाही पुरेसे होते. मी तिचा रंग जुन्या छटेशी जुळवून घेतला, स्टिअरिंगचं चाक, घड्याळं, दाराच्या मुठी सगळं जसंच्या तसं ठेवलं. ओरिजिनल या शब्दाची नशा मलाही होती.

ती उतरली २०१९च्या पावसाळ्यात.

खरांगण्याच्या पुढं रस्त्यावरून नाल्याचं पाणी वाहत होतं, वीतभर. मी सावकाश गाडी काढली. ड्रममध्ये पाणी शिरलं की ब्रेक काही वेळ धरत नाहीत, पलीकडे जाऊन पायानं हलकेच दाब देत ते वाळवून घ्यायचे असतात, हे मला ठाऊक होतं. हिनं काहीतरी विचारलं, मी उत्तर दिलं, आणि वाळवायचं राहून गेलं. वळणावर दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा शेळ्या घेऊन रस्ता ओलांडत होता. मी ब्रेकवर उभाच राहिलो. डाव्या चाकानं धरलंच नाही, उजव्यानं एकदम धरलं, आणि गाडी उजवीकडे ओढली गेली, म्हणजे बरोबर त्या मुलाकडे. स्टिअरिंग कसं फिरवलं ते आठवत नाही. मुलगा हातभर अंतरावर उभा होता. एक शेळी गाडीखाली गेली.

मुलाची आई शेतातून धावत आली. मी शेळीचे पैसे देऊ लागलो तर ती म्हणाली, "शेळीचं राहू द्या जी. पोरगं हाये ना माह्यं." पैसे नंतर बळेच द्यावे लागले. परतीच्या वाटेवर हिनं एक अक्षर काढलं नाही. घरी पोचल्यावर एवढंच म्हणाली, "अहो, यापुढं या गाडीत मला बसायला सांगू नका."

आमच्या उस्तादांना दुसऱ्या दिवशी बोलावलं. चाळीस वर्षं गाड्यांखाली झोपलेला माणूस. त्यांनी ड्रम उतरवले, आतली धूळ वाऱ्यानं न उडवता ओल्या फडक्यानं पुसली (जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतं, ते छातीत जाऊ नये, हे त्यांना एका जुन्या मित्राच्या खोकल्यानं शिकवलं होतं) आणि म्हणाले, "पळते मस्त साहेब, थांबाचं काही खरं नाही."

मग त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. ड्रममध्ये ब्रेकचे जोडे आतून बाहेर दाबले जातात, आणि फिरता ड्रम त्यातल्या एका जोड्याला स्वतःच आत खेचून घेतो. त्यामुळे कमी जोरात काम होतं, ही त्याची खुबी. पण हीच खुबी डावी-उजवीतला लहानसा फरकही मोठा करून दाखवते. शिवाय भांडं बंद, उष्णता कोंडते. लांब उतारावर पाय ठेवून राहिलात तर ब्रेक मऊ पडत जातात. डिस्क उघडी फिरते. वारा लागतो, पाणी फेकलं जातं, दोन्हीकडून पॅड चिमट्यासारखे धरतात. कल्पना काही नवी नाही. लँचेस्टर या इंग्रजानं १९०२ साली तिचं पेटंट घेतलं होतं. पण १९५३ साली फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जग्वारच्या गाड्या डिस्कवर धावून पहिल्या आल्या, तेव्हा कुठं मोटारवाल्यांचे डोळे उघडले. इतर गाड्या वळणाआधी जिथं वेग उतरवू लागत, त्याच्या पुढं जाऊन या ब्रेक दाबत. ट्रायम्फनं १९५६ साली आपल्या टीआर थ्री या स्पोर्ट्स कारला पुढं डिस्क दिले. पुढंच का? ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढं कलतं, आणि थांबवण्याचं बरंचसं काम पुढची चाकंच करतात. मागचे ड्रम तसेच राहिले तरी चालतं. हँडब्रेकही त्यांच्यावरच असतो.

उस्तादांचा पहिला सल्ला होता मारुतीच्या डिस्का बसवण्याचा. पट्ट्या कापून, वेल्डिंग करून. स्वस्तात झालं असतं. मी नाही म्हणालो. ब्रेक जिथं धरतो तिथला सगळा ताण ज्या पट्टीवर येणार, ती आपल्या गल्लीत वेल्ड केलेली असावी हे मला पटेना. स्पिटफायर सख्खी बहीण असल्यामुळे तिचे हब, त्यांना धरणारे उभे आधार, कॅलिपर हे सगळं हेराल्डच्या चौकटीला जसंच्या तसं बसतं. इंग्लंडातून दोन खोकी आली. जकात धरून माझं काही महिन्यांचं पेन्शन त्यात गेलं.

पण खोकी येईपर्यंत उस्ताद बसून राहिले नाहीत, आणि खरं शिक्षण माझं तिथंच झालं. या गाडीला ब्रेकच्या तेलाचा एकच मार्ग आहे. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. आजच्या गाड्यांत दोन स्वतंत्र मार्ग असतात. माझ्या गाडीतल्या रबरी नळ्या बोटानं दाबल्या तर भेगा दिसत होत्या. तेल काळपट. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी पीत असतं, आणि पाणी प्यालेलं तेल तापलं की त्यात वाफ होते. मग पाय खाली जातो आणि गाडी पुढं जाते. म्हणजे तेवीस वर्षं मी दाराच्या मुठींना पॉलिश करत होतो. ज्यांना जुन्या गाडीला डिस्क बसवणं परवडत नाही, त्यांनी नळ्या, चाकांतली रबरं आणि तेल तेवढं नवं करावं, आणि तेल दर दोन वर्षांनी बदलावं. अर्धं काम त्यातच होतं. आम्ही तेलाचा मुख्य सिलिंडरही बदलला, कारण डिस्कला लागणारं तेल आणि दाब वेगळा. पेडल पूर्वीपेक्षा जड झालंय. म्हातारपणी पायाला व्यायाम.

आता ओरिजिनलबद्दल. आपल्याकडे २०२१ साली विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी; चौकट, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल नको. नियमांनी बदलाबाबत जी नावं घेतली त्यांत ब्रेक नाहीत. मला यात शहाणपण दिसतं. तरी जुनी गाडी असलेल्यांनी काही करण्याआधी आर.टी.ओ.त विचारून घ्यावं, हा माझ्यातला बँकवाला बोलतोय.

आणि ओरिजिनलचा आग्रह धरायचाच तर तो वर्ध्यात तरी जपून धरावा. जमनालालजी बजाजांनी आपल्या फोर्ड मोटारीला बैल जुंपले होते आणि लोक तिला गमतीनं ऑक्स-फोर्ड म्हणत, असं आमच्याकडे सांगतात. मी तर नुसते ब्रेक बदलले.

माझ्या पहिल्या कादंबरीची नवी आवृत्ती निघाली तेव्हा प्रकाशकांनी विचारलं, काही दुरुस्त्या? आज लाज वाटावी अशी वाक्यं तिच्यात आहेत. मी एक शब्द बदलला नाही. तो तरुण मुलगा जसा होता तसा राहू दे. पण त्या वाक्यांसमोरून कुणाचं पोर शेळ्या घेऊन जात नाही. रंग माझा, मुठी माझ्या, घड्याळं माझी. ब्रेक मात्र समोरच्याचा असतो.

हे मला उशिरा कळलं, याची टोचणी जुनी आहे. बँकेत असताना ट्रॅक्टर-ट्रॉलीची किती कर्जं मी मंजूर केली असतील! फाइलीत विमा, तारण, जामीनदार, टायरचे नंबर, सगळ्याला रकाना. ट्रॉलीला ब्रेक आहे का, हा रकाना नव्हता, आणि मीही कधी विचारलं नाही. मी पाहिलेल्या बहुतेक ट्रॉल्यांना नव्हता. कापसानं शिगोशिग भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला ढकलत निघते, तेव्हा आता मी रस्ता सोडून उभा राहतो.

धाकट्याचं म्हणणं वेगळंच. तो म्हणतो, "बाबा, आता समृद्धीवर काढा एकदा!" नागपूर-शिर्डी रस्ता २०२२च्या डिसेंबरात खुला झाला, आमच्या सेलू-आर्वीच्या अंगानंच जातो. तिथं गाड्या एकशे वीसनं जातात. त्याला मी व्याजाचं गणित सांगितलं. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबायला लागणारं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. चक्रवाढसुद्धा इतकी निष्ठुर नसते. पन्नासच्या वेगात एका सेकंदात गाडी चौदा मीटर जाते, शंभरात अठ्ठावीस, आणि माझ्या वयात पाय हलायला तो सेकंद लागतोच. डिस्क चांगल्या असल्या तरी शेवटी गाडी थांबवायची ती तळहाताएवढ्या रबरानं. सीटला नीट पट्टे नाहीत, दारं पत्र्याची. नवे ब्रेक मी जुन्या वेगासाठी घेतले आहेत.

पॅड बसल्यावर उस्तादांनी मला सेवाग्रामच्या रस्त्यावर सकाळी सहाला नेलं आणि वीस-पंचवीस वेळा हलके ब्रेक मारून घेतले. मग एकदा जोरात. गाडी सरळ रेषेत थांबली. उस्ताद खाली उतरले, चाकाजवळ हात नेऊन ऊब पाहिली आणि बिडी पेटवली.

जुने ड्रम मी तेल लावून, कागदात गुंडाळून, शेडमधल्या लाकडी पेटीत ठेवले आहेत. माझ्यानंतर ज्याला ओरिजिनल हवी असेल, त्यानं खुशाल काढावेत.

ही त्यानंतरही आठ महिने गाडीत बसली नाही. गेल्या वेळी खरांगण्याला गेलो तेव्हा मागच्या सीटवर बसली. नाला आला. मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला, "आधी वाळवून घ्या."