पिवळ्या स्कूटरवरचा पहिला अल्बम

मालवणात 'रॉक' म्हटलं की आधी आठवतं ते रॉक गार्डन. चिवल्याच्या बाजूचे काळे खडक, संध्याकाळी पर्यटकांची गर्दी, सेल्फी. तो रॉक सध्या बाजूला ठेवू. आज बोलायचंय ते गिटारवाल्या रॉकबद्दल, आणि त्यातही बँडच्या पहिल्या अल्बमबद्दल.

'तुझा आवडता डेब्यू अल्बम कुठला?' हा प्रश्न कॉलेजच्या कट्ट्यावर टाकून बघा. उत्तरं साधारण ठरलेली असतात. कोणी गन्स एन रोझेसचा १९८७चा 'अ‍ॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन' म्हणेल, कोणी लिंकिन पार्कचा २०००चा 'हायब्रिड थिअरी'. एखादा अभ्यासू लेड झेपेलिनवर अडून बसेल. क्वीनचं नाव निघालं की कोणीतरी सांगणारच, की फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला आणि त्याचा पहिला बँडही तिथलाच. सगळी उत्तरं बरोबर आहेत, वाद घालायलाही मजा येते. पण या यादीत एक नाव जवळजवळ कधीच येत नाही, आणि ते आपल्यापासून सगळ्यात जवळ आहे.

मालवणातून निघा. वेंगुर्ला, शिरोडा, रेडी मागे टाका, तेरेखोलची खाडी ओलांडा, पेडणे तालुका पार करा. शापोरा नदीच्या पलीकडे शिवोली लागतं. १९८४ साली याच गावातल्या आपल्या घरात रेमो फर्नांडिसनं 'गोवन क्रेझी' हा पहिला अल्बम रेकॉर्ड केला. 'हम्मा हम्मा' आणि 'प्यार तो होना ही था' या गाण्यांतला आवाज तुमच्या ओळखीचा आहे, तोच हा रेमो. पण ही सगळी प्रसिद्धी नंतरची. तेव्हा तो मुंबईत आर्किटेक्चर शिकून गावी परतलेला तिशीतला माणूस होता. स्वतःची इंग्रजी गाणी त्यानं स्वतःच लिहिली होती आणि मुंबईच्या कंपन्यांना त्यात रस नव्हता.

मग त्यानं काय केलं? कॅसेटवर चार ट्रॅक रेकॉर्ड करणारं एक यंत्र मिळवलं आणि घरातच स्टुडिओ मांडला. वाद्यं सगळी स्वतः वाजवली, आवाजही सगळे स्वतःचेच. चार ट्रॅक म्हणजे किती कमी, हे आज मोबाईलवर वीस-पंचवीस ट्रॅक एकावर एक चढवणाऱ्याला कळणार नाही. तीन ट्रॅक भरले की ते चौथ्यावर एकत्र उतरवायचे, आधीचे पुसायचे आणि त्यांच्या जागी नवीन वाजवायचं. एकदा उतरवलं की मागे फिरता येत नाही. ढोल मोठा झाला तर तो कायमचा मोठा. प्रत्येक उतरवणीत टेपची खरखर वाढते ती वेगळीच. कव्हर त्यानंच काढलं, पोस्टरही त्यानंच केलं. आणि कॅसेट तयार झाल्यावर पिवळ्या स्कूटरवर टाकून गोव्यातल्या गावोगावच्या दुकानांत स्वतः नेऊन दिल्या.

गाणी कशाबद्दल होती? गोव्याबद्दल. न्यूयॉर्कच्या रस्त्यांबद्दल किंवा कॅलिफोर्नियाच्या मुलींबद्दल नव्हे. भाषा इंग्रजी असली तरी गाणं गावचंच होतं, म्हणून गावानं कॅसेट विकत घेतली. मुंबई मागाहून आली. १९८५ साली श्याम बेनेगलांच्या 'त्रिकाल'मध्ये तो गायला, १९८७ मध्ये 'जलवा'चं गाणं गाजलं, २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. क्रम लक्षात घ्या. आधी शिवोली, मग मुंबई. आपल्याकडे बहुतेकांच्या डोक्यात हा क्रम उलटा बसलेला आहे.

मुंबईतही त्याच काळात एक पहिला अल्बम शिजत होता. उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि मंडळींचा 'रॉक मशीन' हा बँड १९८४चा. सुरुवातीला तेही इतरांचीच गाणी वाजवायचे. १९८८ साली 'रॉक अँड रोल रेनेगेड' आला तो मात्र स्वतःच्या गाण्यांचा. खरं सांगायचं तर आज तो ऐकताना अमेरिकन हार्ड रॉकची सावली जागोजागी दिसते. गाणं मुंबईतलं असूनही मुंबई फारशी ऐकू येत नाही. पण तो अल्बम झाला नसता तर पुढचा प्रवासही झाला नसता. १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून 'इंडस क्रीड' केलं. नुसतं नाव ऐकलं तरी शोध कुठल्या दिशेला वळला ते कळतं. आधी दुसऱ्याचा शर्ट घालून बघायचा, मग स्वतःचा शिवायचा, असंच बहुतेकांचं होतं.

मग प्रश्न येतो भाषेचा. 'रॉक इंग्रजीतच शोभतो' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. कोलकात्याच्या 'मोहीनेर घोडागुली' या बँडनं १९७७ मध्येच बंगालीत पहिली रेकॉर्ड काढली. ती तेव्हा फारशी चालली नाही, १९८१च्या सुमारास बँडही मोडला. आणि १९९०च्या दशकात नव्या मुलांनी त्यांची गाणी पुन्हा उचलली तेव्हा कळलं, की बांगला रॉकची पायाभरणी तिथेच झाली होती. केरळच्या 'अवियल'नं २००८ साली पहिला अल्बम काढला तो सरळ मल्याळममध्ये, लोकगीतांच्या वळणाचे शब्द घेऊन आणि त्यावर जाडजूड गिटार चढवून. केरळ म्हणजे काय, माड, होड्या, खाडी आणि पाऊस. आपल्यापेक्षा वेगळं काय आहे तिथे? पुण्याच्या 'अग्नी'नं २००७च्या पहिल्या अल्बमसाठी हिंदी निवडली. अभंगांना रॉकचा बाज देणारा 'अभंग रिपोस्ट' तर तुमच्यापैकी अनेकांच्या प्लेलिस्टमध्ये असेल.

बोलीचं म्हणाल तर इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या 'आर्क्टिक मंकीज'चं उदाहरण घ्या. या पोरांनी आपल्या गावच्या हेलातच गायलं. लंडनचं इंग्रजी त्यांनी ओढूनताणून आणलं नाही. कार्यक्रमांना आलेल्यांना घरी जाळलेल्या सीडी फुकट वाटल्या, त्या ऐकणाऱ्यांनीच इंटरनेटवर पसरवल्या. २००६ मध्ये पहिला अल्बम आला तेव्हा ब्रिटनमध्ये पहिल्याच आठवड्यात त्याच्या साडेतीन लाखांहून जास्त प्रती खपल्या.

आता मालवणी. आपल्याला 'वस्त्रहरण' पाठ आहे. गंगाराम गवाणकरांनी लिहिलेलं आणि मच्छिंद्र कांबळींनी गाजवलेलं हे नाटक १९८० साली रंगमंचावर आलं आणि पाच हजारांवर प्रयोगांपर्यंत पोचलं. मालवणी मोठ्या मंचावर चालते, हा मुद्दा तिथेच निकालात निघाला. पण त्याचा एक उलटा परिणामही झाला. मालवणी म्हणजे हशा, असं समीकरण बसलं. आजही कोणी स्टेजवर मालवणीत पहिलं वाक्य बोललं की लोक विनोदाची वाट बघत आधीच हसायला लागतात. आपली आजी काय विनोद म्हणून रडते? पर्ससीन आणि एलईडी मासेमारीवरून पारंपरिक मच्छीमाराच्या पोटात जो राग आहे, तो विनोदी आहे? कळण्याच्या डोंगराकडे बघून जे वाटतं ते? गणपतीला आठ दिवस उघडून पुन्हा वर्षभर कुलूप लागणारी घरं? हा सगळा ऐवज रॉकचाच आहे. रॉकला राग चालतो, एकटेपणा चालतो, आवाज फाटलेलाही चालतो.

आणि ताल-सुराचं भांडवल आपल्याकडे कमी नाही. डबलबारीला बसलेल्या माणसाला 'एनर्जी' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. गजराला पखवाज, टाळ आणि पेटी एकत्र चढत जातात तेव्हा अंगावर येणारा आवाज कुठल्याही मेटल बँडच्या तोडीचा असतो. दशावतारात लिखित संहिता नसते. नट जागेवर बोलतात, पेटी-पखवाज त्यांच्या मागोमाग धावतात, कधी त्यांनाच पुढे ढकलतात. रॉकवाले याला जॅम म्हणतात आणि त्याचा केवढा तोरा मिरवतात! आपण जत्रेत रात्रभर ते बघतो आणि सकाळी विसरतो.

'पण आमच्याकडे स्टुडिओ नाही, चांगली गिटार नाही, पावसात लाईट नाही.' तक्रार खोटी नाही. पण बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमीची गोष्ट ऐका. सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात नेमका तोच. त्यानं प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं बनवली, हलक्या तारा लावल्या आणि जमेल तसं वाजवायला लागला. त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' या बँडचा पहिला अल्बम १९६९च्या ऑक्टोबरमध्ये जवळजवळ एका दिवसात रेकॉर्ड झाला आणि १९७०च्या फेब्रुवारीत बाजारात आला. हेवी मेटलचा जन्म तिथला मानतात. बीटल्सनीही आपल्या पहिल्या अल्बमची दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात उरकली होती. घाई करा असं आम्ही म्हणत नाही. तयारी त्यांची वर्षानुवर्षांची होती, रोज रात्री वाजवून झालेली. स्टुडिओतला दिवस मात्र एकच होता.

आपल्याकडे खरी अडचण यंत्रांची नाही. ती वेळेची आहे, आणि थोडी आपल्या कानांचीही. कुडाळ, कणकवली, सावंतवाडी, मालवण, कुठल्याही कॉलेजात चार पोरं-पोरी जमतात, एफवायला बँड सुरू होतो, एसवायला युवा महोत्सवात वाजवतात, आणि टीवायचा निकाल लागला की एक मुंबईला, एक पुण्याला, एक गोव्यात नोकरीला. ड्रमर गावात उरतो, कारण ड्रम न्यायला खोलीत जागा नसते. तोवर बँडनं काय केलेलं असतं? दुसऱ्यांची पंधरा गाणी. तीन वर्षांची मेहनत आणि मागे उरलं काय, तर गॅदरिंगचे हललेले व्हिडिओ.

यात दोष फक्त बँडचा नाही. गॅदरिंगला कोणी भीतभीत म्हणतं, 'आता आमचं स्वतःचं एक गाणं', आणि अर्धा हॉल वडापावला उठतो. उरलेले 'तो अमका सिनेमातला वाजव' म्हणून ओरडतात. पुढच्या वेळी तो बँड स्वतःचं गाणं कशाला वाजवेल? शिवोलीच्या त्या स्कूटरच्या दुसऱ्या टोकाला कॅसेट ठेवून घेणारे दुकानदार होते आणि ती विकत घेणारी माणसंही होती. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, पण ती नसती तर स्कूटर भरलेलीच घरी परतली असती. तुम्ही वाजवत नसाल तर तुमची जागा तिथे आहे.

आमचं म्हणणं एवढंच, की जो बँड आज चालू आहे त्यानं टीवायच्या आधी आठ गाणी पुरी करावीत. तीन फसतील, दोन बरी होतील. चालेल. पहिल्या अल्बममध्ये कच्चेपणा असतोच आणि बऱ्याचदा तोच पुढे आवडायला लागतो. घरचे 'आधी अभ्यास' म्हणतील आणि ते चुकीचं म्हणत नाहीत. रेमोनंही आर्किटेक्चरची पदवी घेतली होती.

आणि नुसतं ऐकणाऱ्यांसाठी एक गृहपाठ. मालवणहून कुडाळला एसटीनं जाताना चौके, धामापूर, काळसे, नेरूरपार करत साधारण तासभर जातो. तेवढ्यात एक अल्बम आरामात बसतो. रील बंद करा आणि एखादा पहिला अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, क्रम न मोडता ऐका. कुठला ऐकलात आणि तो का आवडला, ते आम्हाला दहा ओळींत लिहून पाठवा. अगदीच 'ह्यां माका काय पटूक नाय' असं असेल तर तेही पाठवा, मालवणीत लिहिलंत तर उत्तम. आणि तुमच्या कॉलेजच्या बँडचं एखादं स्वतःचं गाणं असेल, तर त्याचं नाव त्या दहा ओळींच्या वर लिहा. आम्ही आधी तेच ऐकू.