उपनगरात दिवसभर राहतो कोण?

मुंबईत नोकरी लागली किंवा बदली झाली, की आनंदाचा पहिला भर ओसरताच एक प्रश्न घरात येऊन बसतो : बिऱ्हाड थाटायचे कोठे? कुटुंब नागपूरहून आलेले असो, बेळगावहून वा इंदूरहून, हा प्रश्न कोणालाच चुकत नाही. कचेरी दक्षिण मुंबईत असली, तरी तेथील घरभाडे सामान्य पगारदाराच्या आवाक्यात नसते. मग नजर वळते ती ठाणे, डोंबिवली, कल्याण, बदलापूर या मध्य रेल्वेवरील गावांकडे, बोरिवली-वसई-विरारकडे किंवा खाडीपलीकडच्या नवी मुंबईकडे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी धावली. पुढे रूळ जसजसे लांबत गेले, तसतशी त्यांच्या कडेने ही वस्ती वाढत गेली.

घराची निवड होते ती मात्र एका रविवारात. कमावता माणूस येतो, दलाल दोन-तीन जागा दाखवतो. भाडे किती, अनामत रक्कम किती, स्थानक किती मिनिटांवर, एवढे विचारून होकार दिला जातो. या पद्धतीत एक मोठी विसंगती आहे. सकाळी सातला घर सोडून रात्री नऊला परतणारा हा माणूस ते उपनगर उजेडात क्वचितच पाहणार असतो. तेथे दिवसभर वावरणार असतात त्याची मुले, वृद्ध आईवडील आणि बहुधा पत्नी. ज्यांचा संबंध सर्वांत अधिक, त्यांना विचारलेच जात नाही. पत्नीही नोकरी करणारी असेल, तर प्रश्न आणखी बिकट होतो. केवळ स्त्रियांसाठी धावणारी लोकल पश्चिम रेल्वेवर १९९२ सालीच सुरू झाली, यावरून नोकरदार स्त्रियांची संख्या तेव्हाही किती असेल याची कल्पना येते. अशा घराला दोन हजार रुपये कमी भाड्यापेक्षा जवळचे विश्वासू पाळणाघर अधिक मोलाचे असते.

स्वस्त घराची खरी किंमत वेळेत मोजावी लागते. डोंबिवली ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ४८ किलोमीटर आहे. घर ते स्थानक आणि स्थानक ते कचेरी हा प्रवास धरला, तर एका बाजूस पावणेदोन तास सहज जातात. दररोज साडेतीन तास म्हणजे पंचवीस दिवसांच्या महिन्यात सत्त्याऐंशी तासांहून अधिक. महिन्यातील साडेतीन अहोरात्र गाडीत आणि फलाटावर जातात. हा वेळ मुलांच्या अभ्यासातून, म्हाताऱ्यांच्या औषधपाण्यातून आणि स्वतःच्या झोपेतून वजा होतो. भाड्यात वाचलेल्या रकमेच्या शेजारी हा आकडा मांडून पाहावा.

पगारच तुटपुंजा असेल तर निवडीला वाव कोठला, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप खोटा नाही. परंतु एकाच स्थानकाच्या पूर्वेस व पश्चिमेस, जवळजवळ सारख्याच भाड्यात, अगदी वेगळ्या वस्त्या असतात. एकीकडे नळाला रोज पाणी येते, दुसरीकडे मार्च उजाडताच टँकरची वाट पाहावी लागते. हा फरक दलाल सांगत नाही. तो इमारतीतील गृहिणी किंवा पहारेकरी सांगतो. म्हणून जागा रविवारी पाहिली तरी एकदा कामाच्या दिवशी, दुपारी, तेथे फेरी मारावी. शाळा सुटण्याच्या वेळी मुले कोणता रस्ता ओलांडून येतात, जवळचा दवाखाना दुपारी उघडा असतो की नाही, वृद्धांना टेकायला एखादे बाक आणि झाडाची सावली आहे की नाही, हे त्या एका फेरीत कळते.

शाळेची चौकशी तर सर्वांआधी व्हावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांनुसार पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत असणे अपेक्षित आहे. नव्या वस्त्यांत इमारती आधी उभ्या राहतात आणि शाळा मागाहून येते. परप्रांतातून आलेल्या मुलांसमोर भाषेचाही प्रश्न असतो, कारण महाराष्ट्रातील सर्व शाळांत मराठी हा विषय २०२० च्या कायद्याने सक्तीचा झाला आहे. इंदूर-बडोद्याकडील मराठी घरांतील मुले मराठी बोलतात, पण पुष्कळदा ती लिहीत नाहीत. त्यांना सांभाळून घेणारे शिक्षक शाळेत आहेत का, हे प्रवेशापूर्वीच विचारलेले बरे.

आणि पावसाळा! उन्हाळ्यात रम्य वाटणारा नदीकाठ जुलैत ओळखू येत नाही. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत बदलापूर-कल्याण परिसरात उल्हास नदीचे पाणी घराघरांत शिरले होते. जुलै २०१९ मध्ये त्याच नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले. घर तळमजल्यावर असेल, तर भिंतीवरील ओलीची रेघ किती उंच आहे ते पाहावे. कारखान्यांच्या शेजाराचीही अशीच चौकशी करावी. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये झालेल्या स्फोटांनी दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या होत्या. इमारत अधिकृत आहे की नाही, हे महापालिकेत विचारण्यास तर मुळीच संकोच करू नये. एप्रिल २०१३ मध्ये मुंब्र्याजवळ शीळ येथे अनधिकृत इमारत कोसळून सत्तरहून अधिक माणसे दगावली. त्यांत लहान मुलेही होती.

हे सारे एका भेटीत समजणे कठीण आहे. म्हणूनच येताक्षणी कर्ज काढून घर विकत घेण्याची घाई करण्यापेक्षा आधी भाड्याने राहणे शहाणपणाचे ठरते. भाडेकरार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. शाळा सुरू होण्याआधी, मे महिन्यात राहायला आलेल्या कुटुंबाला तेवढ्या काळात एक पूर्ण पावसाळा, मुलांचे जवळजवळ एक शैक्षणिक वर्ष आणि मार्चमधली पाणीटंचाई अशा तिन्ही गोष्टी पाहायला मिळतात. तोवर आजीला शेजारच्या दोन-चार घरांची नावेही ठाऊक झालेली असतात, आणि पुढच्या घराविषयीचे तिचे मत कमावत्या मुलाच्या मताहून अधिक माहितीचे असते.