गाडीचे अ‍ॅव्हरेज आणि हवेचा हिशेब



बैलजोडी घेताना वैरण किती लागेल, हे आपण आधी पाहतो. चारचाकी घेतानाही पहिला प्रश्न असतो, “अ‍ॅव्हरेज किती?” या एका आकड्यात खिशाचा हिशेब आहे, तसाच हवेचाही आहे.

एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे कर्बवायू, तयार होतो. लिटरभर पेट्रोलचे वजन मात्र पाऊण किलोच. पेट्रोलमधील कर्बाला हवेतला प्राणवायू येऊन मिळतो, म्हणून वजन वाढते. हा वायू डोळ्यांना दिसत नाही. पण पृथ्वी तापते ती मुख्यतः त्याच्यामुळे. तापलेली हवा जास्त बाष्प धरते आणि पाऊस एकदम कोसळतो. सोयाबीन-कपाशीच्या जिरायती शेताला हे परवडणारे नाही.

नव्या गाड्यांची तुलना करताना किलोमीटरला किती ग्रॅम कर्बवायू, हे माप धरतात. लिटरला 20 किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल गाडीचा आकडा 115 येतो, 12 देणारीचा 190 च्या वर. युरोपीय संघाने नव्या गाड्यांच्या सरासरीवर आधी 130 आणि 2021 पासून 95 ग्रॅमची मर्यादा घातली. आपल्याकडे 2017-18 पासून 130 आणि 2022-23 पासून 113 आली. अमेरिकेत 2022 च्या नव्या गाड्यांची सरासरी, पिकअप धरून, 200 च्या पुढे गेली. चाचणीच्या पद्धती वेगळ्या असल्याने हे आकडे तंतोतंत ताडून पाहता येत नाहीत, पण अंदाज येतो.

मग आपण युरोपच्या इतके जवळ कसे? कारण आपली गाडी लहान आणि हलकी. 113 ची मर्यादा ठरवताना गाडीचे सरासरी वजन 1,082 किलो धरले होते. युरोपातली गाडी याहून बरीच जड असते. तिथला आकडा उतरला, त्यात विजेच्या गाड्यांचा वाटा मोठा. नॉर्वेत 2024 साली 10 नव्या गाड्यांपैकी जवळजवळ 9 विजेच्या होत्या आणि तिथली वीज बहुतेक पाण्यावर होते. आपल्याकडे शेगावहून अकोल्याला जाताना पारसच्या वीजकेंद्राची धुराडी दिसतात. कोळशाच्या विजेवर चालणाऱ्या गाडीला धूर नसला, तरी त्याचा काही भाग तिथे निघतोच.

लहान गाडीचा हा फायदा आता हातचा जात आहे. 2023-24 मध्ये देशात विकलेल्या 10 प्रवासी गाड्यांपैकी 6 उंच, जड प्रकारच्या होत्या.

वर्षाला 10,000 किलोमीटर फिरणे झाले, तर 20 च्या गाडीला 500 लिटर लागतात आणि 12 च्या गाडीला 833. लिटरला 100 रुपये धरले तरी 33,300 रुपयांचा फरक पडतो. हवेत साडेसातशे किलोहून अधिक कर्बवायू जास्त जातो तो वेगळाच. तेव्हा गाडी घेताना शेजाऱ्याच्या दारातली उंची पाहू नका, आपल्या घरात माणसे किती ते मोजा. घेतलेल्या गाडीच्या चाकांत हवा बरोबर ठेवा आणि समृद्धी महामार्गावर वेग आवरा.