गाडीला जे दिसत नाही

जालन्यात गेल्या तीन-चार वर्षांत ज्यांनी नवी गाडी घेतली, त्यांच्याकडे 'एडास'चा, म्हणजे चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेचा, विषय काढून बघा. कौतुक थोडं आणि तक्रारी फार. अंबड चौफुलीवर एखादा दुचाकीवाला कट मारून पुढे घुसतो, गाडी आपणहून करकचून ब्रेक लावते आणि मागून येणारा टेम्पो अंगावर येतो की काय, अशी धडकी भरते. भोकरदनकडे जाताना खड्डा चुकवायला गाडी वळवावी, तर स्टिअरिंग हाताला विरोध करतं. घरातली मंडळी बीप-बीपला वैतागतात. मग कुणीतरी स्क्रीनवरचं बटण शोधून देतं आणि लाखभर रुपये जास्त मोजून घेतलेली सोय कायमची बंद होते.

ही सोय आता बड्या लोकांपुरती उरलेली नाही. 2020मध्ये ती एमजी ग्लॉस्टरसारख्या महागड्या गाडीत आली, 2021मध्ये महिंद्राच्या एक्सयूव्ही 700मध्ये, आणि 2024मध्ये एक्सयूव्ही 3एक्सओसारख्या छोट्या गाडीतही. समोरच्या काचेवर आरशामागे कॅमेरा बसवलेला असतो, पुढच्या भागात रडार. कॅमेरा रस्त्यावरचे पांढरे पट्टे, वाहनं आणि माणसं ओळखतो. रडार पुढच्या वाहनाचं अंतर आणि वेग मोजतं.

चालकांच्या तक्रारी खऱ्या आहेत. पण त्या गाडीविषयी जेवढं सांगतात, त्याहून कितीतरी जास्त आपल्या रस्त्यांविषयी सांगतात. लेनचा इशारा कुठे बंद पडतो? जिथे पट्टे पुसलेत तिथे. डांबराची कड तुटून साइडपट्टी हातभर खाली गेलेली असते तिथेही कॅमेऱ्याला रस्ता कुठे संपला ते नीट कळत नाही. त्याच जागी पावसाळी रात्री, समोरून अप्परचा झोत डोळ्यांवर येत असताना, दुचाकीवरून घरी निघालेल्या माणसाला काय दिसत असेल? त्याच्याकडे ना कॅमेरा, ना एअरबॅग. देशात 2022मध्ये रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली, त्यांत सर्वाधिक, म्हणजे शंभरातली चव्वेचाळीस, दुचाकीवरची होती. गाडी जिथे गोंधळते ती प्रत्येक जागा वहीत लिहून ठेवण्यासारखी आहे, कारण माणूसही तिथेच गोंधळतो.

आपल्या जिल्ह्याच्या दोन गोष्टी तर जगातल्या कुठल्याही कंपनीच्या हिशेबात बसणाऱ्या नाहीत. एक, सळया. जालना हे स्टीलचं गाव. औद्योगिक वसाहतीतून निघालेल्या ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या मागे सळया बाहेर डोकावतात आणि शेवटच्या टोकाला लाल फडकं बांधलं की काम झालं, असं सगळे धरून चालतात. रडारला ट्रकचं धूड दिसतं. त्याच्याही मागे हवेत तरंगणारी बोटभर जाडीची टोकं त्याने हिशेबात धरावीत, ही अपेक्षाच चुकीची. सळया अशा बाहेर काढून नेण्याला केंद्र सरकारने 2014मध्येच बंदी घातली. बंदी कागदावर आहे, सळया रस्त्यावर.

दुसरी, उसाची ट्रॉली. या स्तंभात दर हंगामात तिच्यावर लिहावं लागतं आणि पुढेही लिहीन. अंबड, घनसावंगी भागात गाळप सुरू झालं की रात्रभर जोडट्रॉल्या कारखान्याकडे सरकत असतात. मागचा दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या वाढ्यांखाली झाकलेला. गाडीच्या कॅमेऱ्याला वाहन ओळखायचं असतं ते त्याच्या मागच्या आकारावरून आणि दिव्यांवरून. अंधारातला उसाचा ढीग त्याला वाहन वाटेलच, याची खात्री नाही. त्यात ती ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी असेल, तर धोका आणखी मोठा. वेगात असताना थांबलेलं वाहन ही यंत्रणा हेरेलच असं नाही, हे कंपन्या स्वतः माहितीपुस्तिकेत छापतात. ते पान गाडीची चावी हातात देताना कुणी वाचून दाखवत नाही. पेढे वाटण्याआधी शोरूमवाल्याने ते वाचून दाखवायलाच हवं.

समृद्धी महामार्गावर सगळं उलटं होतं. जिल्ह्यातून जाणाऱ्या सुमारे 42 किलोमीटरवर पट्टे ठळक, वळणं लांबलचक, मध्ये ना चौफुली ना गुरं. तिथे यंत्रणा इतकी छान चालते की माणूस सुस्तावतो. कार 120च्या वेगात सेकंदाला 33 मीटर जाते; तीन सेकंद डुलकी लागली, तर शंभर मीटर गाडी कुणीच चालवत नसतं. हात स्टिअरिंगवर नसल्याचा इशारा बंद व्हावा म्हणून तिथे पाण्याची बाटली अडकवणारे लोक आहेत. शहरात बटण बंद करणारा आणि समृद्धीवर बाटली अडकवणारा पुष्कळदा एकच माणूस असतो. मला याची खरोखर भीती वाटते, कारण मागच्या सीटवर त्याची मुलं झोपलेली असतात. चालक पेंगतोय हे ओळखून इशारा देणारी सोय मात्र कुणीही, कधीही बंद करू नये.

ही सोय सगळ्यात आधी कुणाला मिळायला हवी होती? 1 जुलै 2023च्या पहाटे, आपल्या शेजारी सिंदखेडराजाजवळ, समृद्धीवर खासगी बस उलटून पेटली आणि 25 प्रवासी गेले. एका चालकाच्या हातात तीस-चाळीस जीव असतात. युरोपने हे आधीच ओळखलं आणि 2015पासून प्रत्येक नव्या अवजड वाहनाला आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला. मोटारींचा नंबर नंतर लागला. आपण मोटारी विकत घेणाऱ्यांपासून सुरुवात केली. बस आणि ट्रकमध्ये आपोआप ब्रेक, पेंगल्याचा इशारा आणि लेनचा इशारा सक्तीचा करण्याचा मसुदा केंद्राने 2025मध्ये काढला. तो नव्या वाहनांपुरता आहे. आज रात्री धावणाऱ्या जुन्या ट्रॅव्हल्सला त्याचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी दुसरा चालक आणि झोपेचे ठरलेले तास, एवढंच औषध आहे आणि ते परिवहन खात्याने रोज तपासायला हवं.

बाकीचं काम जिल्ह्यातच होण्यासारखं आहे. मोंढ्याला लागलेल्या ट्रॅक्टरांपासून कारखान्याच्या गेटपर्यंत, मागे दिवा आणि झाकला न जाणारा रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीचा काटा करू नये. सळया बाहेर असलेला ट्रक औद्योगिक वसाहतीच्या बाहेर पडू देऊ नये. आणि बांधकाम खात्याने दिवाळीनंतर नाही, दिवाळीच्या आधी, अंबड आणि भोकरदन रस्त्यांवर पट्टे मारावेत. गाळप त्यानंतर लगेच सुरू होतं.